आयर्नबार्कवाले टेंभुर्णे काका

आमच्या रायपूरच्या समता कॉलोनीत सकाळी भाजीचा ठेला येतो. ठेलेवाला ओरडतो, "ताजा भाजी, एकदम ताजा!" तेवढ्यात शेजारच्या फाटकातून टेंभुर्णे काका बाहेर येतात. हातात पिशवी, नाकावर चष्मा. पालकाची जुडी उचलून अगदी गंभीरपणे विचारतात, "भैया, सोर्स क्या है?"

पहिल्या दिवशी ठेलेवाला गोंधळला होता. आता तो सरावला आहे. "अभनपुर ले आए हे, बाबूजी," म्हणतो, म्हणजे अभनपूरहून आलीय.

"वो तो तुम बोल रहे हो. और कौन बोलता है?"

ठेलेवाला जुडीकडे बोट दाखवतो. "एही ला पूछ लव."

काका एक देठ मोडून बघतात, ते कट्कन मोडलं की समाधानाने मान हलवतात आणि जुडी पिशवीत टाकतात. ठेला पुढे जातो.

"सोर्स काय?" हा टेंभुर्णे काकांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न. कोणी म्हणालं उद्या पाणी येणार नाही, सोर्स काय? कोणी म्हणालं हळदीच्या दुधाने गुडघे बरे होतात, सोर्स काय? एकदा सदर बाजारात एका सराफाच्या पाटीवर "शहर की सबसे पुरानी दुकान" असं लिहिलेलं त्यांनी वाचलं. झालं. भर गर्दीत स्कूटर आडवी लावली आणि दुकानात शिरले. दुकानदाराने आतल्या गादीवर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आजोबांकडे बोट दाखवलं, "दादाजी से पूछ लीजिए." काका म्हणाले, "दादाजी तो पार्टी हैं, घर के आदमी. उनका नहीं चलेगा." मागे स्कूटरमुळे अडलेल्या लोकांनी हॉर्न वाजवून कान किटवले होते. काकू स्कूटरजवळ उभ्या राहून सगळ्यांची माफी मागत होत्या.

काकूंच्या भाचीचं स्थळ आलं तेव्हाही तेच. मुलगा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर, घर बीरगांवला. तिथल्या बैठकीत मुलाचे काका म्हणाले, "पोट्टा एकदम शांत हाय. कोणाच्या अध्यात ना मध्यात." सगळे कौतुकाने माना डोलवत होते. टेंभुर्णे काका म्हणाले, "सोर्स काय?"

"म्हणजे? मीच सांगून राहिलो नं."

"तुम्ही तर सख्खे काका. तुमचं नाही चालत. तिसरा माणूस पायजे."

बैठक गार पडली. काकूंनी पदराने तोंड झाकलं. शेवटी त्या मुलालाच हसू फुटलं. तो बाहेर गेला आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या आपल्या फोरमनला घेऊन आला. फोरमनने हात जोडून सांगितलं, हव, लडका शांत आहे. लग्न ठरलं.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे काकांच्या या वेडाचा उगम मला कॉलोनीत राहायला आल्यावर लगेचच कळला. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. दारावर टकटक झाली. काका उभे.

"मॅडम, एक डाउट होता. नेटवर्कच्या आधी 'द' लागते का?"

"कोणतं नेटवर्क, काका?"

"आयर्नबार्क रॉक नेटवर्क."

तवा तापला होता. मी म्हटलं, लागतं. ते "थँक यू" म्हणून गेले. पोळी जळली. त्यानंतर जवळजवळ रोज ते यायला लागले. इथे 'द' का? तिथे 'अ' का नाही? "हिंदीत नाही, मराठीत नाही, आपलं अडते का कुठं? या इंग्रजाईलेच काहून लागते?"

प्रकरण असं होतं. इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही नवी माहिती घालू शकतं, चुकीची असेल तर दुरुस्त करू शकतं. अट एकच, प्रत्येक गोष्टीला पुरावा हवा. छापलेला, आणि तोही ज्याचा त्या गोष्टीशी संबंध नाही अशा तिसऱ्या माणसाचा. त्या ज्ञानकोशात लाखो लेख असतील. टेंभुर्णे काका त्यातला एकच लेख सांभाळत. ऑस्ट्रेलियातल्या आयर्नबार्क रॉक नेटवर्क नावाच्या रेडिओ कंपनीचा.

ही कंपनी दिवसभर रॉक गाणी लावते आणि मधेमधे टायर, बिअर आणि खाणकामगारांच्या बुटांच्या जाहिराती. तिची स्टेशनं कोणत्या गावात होती, कोणतं कोणी विकत घेतलं, कुठे फ्रिक्वेन्सी बदलली, सकाळच्या कार्यक्रमातली कोणती जोडी भांडून फुटली, हे सगळं काकांना तोंडपाठ. आयुष्यभर ते रायपूरच्या रेल्वे कंट्रोलमध्ये होते. कुठली गाडी कुठे आहे आणि कुणाला वाट द्यायची, हे रात्रंदिवस सांभाळण्याचं काम. ती सगळी शिस्त निवृत्तीनंतर या लेखावर येऊन बसली होती.

आणि गंमत म्हणजे, रॉक संगीत त्यांना बिलकुल आवडत नसे. मी एकदा कौतुकाने त्यातलं एक गाणं माझ्या फोनवर लावलं. काकांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हे गाणं हाय का शंटिंग? बंद करा, मॅडम."

त्या लेखावर त्यांचा एक वैरी होता. तिकडचाच कोणी माणूस, 'ओल्ड गम' या नावाने लिहायचा. त्या देशात गम, म्हणजे डिंक किंवा गोंद, या नावाचं झाड असतं हे काकांना कळलं तेव्हापासून त्याचं नाव पडलं गोंदवाला. काकांनी काही लिहिलं की गोंदवाला ते खोडायचा. गोंदवाल्याने काही लिहिलं की काका पुरावा मागायचे. लेखाच्या मागे चर्चेचं पान असतं, तिथे दोघांची जुंपायची. "तुमचं इंग्रजी समजायला कठीण आहे," असं एकदा गोंदवाल्याने लिहिलं. काका तीन दिवस धुसफुसत होते. मग त्यांनी उत्तर लिहिलं, मला दाखवून, सगळे 'द' तपासून: "माझं इंग्रजी कठीण आहे, पण माझी माहिती सोपी आहे. ती वाचा."

काकू या सगळ्याकडे स्वयंपाकघरातून बघत. "आज काय म्हणते तुमचा गोंदवाला?" असं चहा देताना विचारत. माझ्याकडे वळून म्हणत, "बेटा, ह्या माणसाले रिटायर कोणी केलं? जुंपून ठेवाले पायजे होतं."

मीही हसायची. निखिलबद्दल तोपर्यंत मला काही माहीत नव्हतं.

ते काकूंनी सांगितलं. एका रविवारी मी त्यांच्याकडे वड्या शिकायला गेले होते. फ्रिजवर एक स्टिकर होता, झाडाचं खोड, त्यावर कंपनीचं नाव आणि खाली फ्रिक्वेन्सीचे आकडे. मी म्हटलं, काकू, काकांनी आयर्नबार्कचा स्टिकरसुद्धा मागवला वाटतं! काकूंचे हात पिठात थांबले.

"त्यायनं नाही मागवला. निखिलनं पाठवला होता. आमचा पोरगा."

निखिल त्यांचा एकुलता एक. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला ऑस्ट्रेलियाला गेला. शिक्षण अर्धवट राहिलं, कसली कसली कामं करत तो एका खाणीच्या गावात पोचला आणि तिथल्या एका हॉटेलात भांडी घासू लागला. बोलका फार. हॉटेलात जेवायला येणाऱ्या रेडिओ स्टेशनच्या मॅनेजरने त्याचं बोलणं ऐकलं आणि त्याला संध्याकाळचा कार्यक्रम दिला. निखिल टेंभुर्णेचा 'निक' झाला. खाणीच्या त्या गावाला संध्याकाळभर तो गाणी ऐकवायचा.

काकांना हे पचलं नाही. "गाणे लावाची नोकरी? याच्यासाठी इतक्या दूर गेला?" दर रविवारी सकाळी निखिलचा फोन यायचा. काका विचारायचे, "पर्मनंट झाला का?" निखिल म्हणायचा, "होईन, बाबा." मग काका फोन काकूंच्या हातात द्यायचे. भांडण नव्हतं. बोलायला दुसरं काही सुचत नसे, इतकंच.

एका रात्री कार्यक्रम संपवून निखिल घरी निघाला. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्याच्या गाडीसमोर कांगारू आलं. गाडी उलटली.

"कोणाले सांगता येत नाही, बेटा," काकू म्हणाल्या. "कांगारू म्हटलं का लोकाईले आधी हासूच येते. मंग त्याईच्या लक्षात येते का आपण काय ऐकलं. मंग त्याईले कसंतरी होते. त्याच्यापरीस न सांगितलेलं बरं. आम्ही ॲक्सिडेंट म्हणून सांगतो."

त्या वड्या मी त्या दिवशी शिकले नाही.

तिकडून अस्थी आल्या. पुण्यानुमोदनाला नागपूर-भंडाऱ्याचे नातेवाईक आले, भंतेजी आले, वंदना झाली, सगळे परत गेले. काका तोवर निवृत्त झाले होते. घरात दोघंच. एक दिवस त्यांनी कॉम्प्युटरवर आयर्नबार्क शोधलं. पोरगा जिथे काम करत होता ते होतं तरी काय, एवढंच बघायला. लेख सापडला. त्यात त्या खाणीच्या गावच्या स्टेशनची फ्रिक्वेन्सी चुकीची होती. फ्रिजवर बरोबर आकडा होता. काकांनी दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी परत चुकीचा केला आणि शेरा मारला: पुरावा नाही.

"माझ्या फ्रिजवर चिकटलेला हाय नं!" काका घरभर ओरडत फिरले. ते कोणाला ऐकू जाणार?

ही पुढची गोष्ट मला काकांनीच सांगितली, 'द' आणि 'अ' यांच्या मधल्या वेळात, तुकड्या-तुकड्याने. त्यांनी फ्रिक्वेन्सीचा सरकारी पुरावा शोधून काढला आणि आकडा दुरुस्त करून घेतला. हुरूप आला. मग त्यांनी लेखात एक ओळ घातली, की या स्टेशनचा संध्याकाळचा कार्यक्रम निक टेंभुर्णे सादर करत असे. ती गोंदवाल्याने खोडली. काकांनी परत घातली. त्याने परत खोडली. काकांनी त्याला जे लिहिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्यासाठी ज्ञानकोशाने त्यांचं लिहिणं काही दिवस बंद केलं होतं.

त्या बंदच्या दिवसांत काकांनी ज्ञानकोशाचे सगळे नियम वाचले. शिव्या द्यायला म्हणून वाचायला बसले, आणि वाचता वाचता त्यांना ते पटले.

"मॅडम, कंट्रोलमध्ये कोणीही फोन करून सांगन का गाडी निघाली. आपण घेत होतो का चार्टवर? नव्हतो घेत. स्टेशनमास्तरनं सांगितलं तरच. मंग या ज्ञानकोशवाल्याईचं काय चुकलं? मी तर बाप हाय. मी पार्टी झालो."

मग ते पुरावा शोधायला लागले. गावचं वर्तमानपत्र बंद पडलं होतं. अपघाताची त्यातली जुनी बातमी मिळाली, तिच्यात नुसतं 'स्थानिक तरुण' असं लिहिलं होतं. स्टेशनचा मॅनेजर नोकरी सोडून गेला होता. कंपनीने पैसा वाचवायला गावोगावचे संध्याकाळचे कार्यक्रम बंद करून मोठ्या शहरातून एकच कार्यक्रम सगळीकडे सुरू केला होता आणि जुन्या निवेदकांची पानं आपल्या साइटवरून काढून टाकली होती. काकांनी कंपनीला ईमेल पाठवले. 'आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत' असं आपोआप येणारं उत्तर आलं.

"मंग मी म्हटलं, त्याचं नाव नाही तर नाही. पण तो जिथं होता ते तरी बरोबर लिहिलेलं राहू दे. त्याचं स्टेशन, त्याची फ्रिक्वेन्सी. तेवढं तर आपल्या हातात हाय."

हे सांगून काकांनी विचारलं, "बरं, 'इव्हनिंग'च्या आधी 'द' येते नं?"

"येतं, काका," मी म्हटलं.

गेल्या थंडीत काकूंच्या त्या बीरगांवच्या भाचीला मुलगी झाली. बारशाला आम्हीही गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाचीचा नवरा, तोच शांत मुलगा, मोबाईल काढून म्हणाला, "मौसाजी, वो रेडिओवाला पेज दिखाइए ना, जो आप लिखते हैं. निखिल भैया का नाम कहाँ है उसमें?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने लेख उघडला, वर केला, खाली केला, परत वर केला. भोवती पाच-सहा जण जमले होते. सगळे मोबाईलमध्ये वाकून नाव शोधत होते. काका म्हणाले, "नाही हाय त्यात." आणि हात धुवायला उठले.

काकू तिथेच बाळाचे लंगोट घडी करत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात गेलेले बघून काकू माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मले वाटे, त्यात त्याचं नाव असन. एवढं लिहितात नं रोजच्या रोज. मी कधी विचारलंच नाही. तू टाकून दे नं, बेटा. तुले येते इंग्रजी."

मी नियमाचं काहीतरी बोलले. काकू म्हणाल्या, "नियम त्याईले असतीन. मी तर आई हाय."

मी खोलीत जाऊन कॉम्प्युटरवर नवीन खातं उघडलं आणि निकच्या कार्यक्रमाची ती ओळ घातली. काकू कॉम्प्युटरजवळ आल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. "नाव कुठून कुठपर्यंत हाय?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत. त्यांनी चष्मा पुसला आणि तेवढ्या जागेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बारीक हाय. पण छान दिसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओळ नव्हती. आणि काका माझ्या दारात होते.

"मॅडम, ते तुम्ही टाकलं होतं नं?"

मी दार पूर्ण उघडलं.

"मले लगेच मालूम झालं. सगळे 'द' बरोबर जागी होते." ते हसायला गेले, जमलं नाही. "तुमच्यावर राग नाही. पण मी काढून टाकलं. गोंदवाल्यानं काढलं असतं तर त्याच्या आधी मीच काढलेलं बरं."

"काका, राहू दिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? काकूंसाठी..."

"मले काय वाटत नाही का?" त्यांचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "पण मंग बाकीचं जे मी लिहिलं, त्याच्यावर कोण विश्वास ठेवन? म्हणतीन, बापानं पोरासाठी लिहिलं. सगळंच खोटं होऊन जाईन. त्याचं स्टेशनही."

काढताना त्यांनी चर्चेच्या पानावर कारण लिहिलं होतं. मी नंतर वाचलं. त्यात एकही 'द' नव्हता. आमची ओळख झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला न दाखवता लिहिलं होतं: 'ही ओळ माझ्या शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने घातली. ती काढत आहे. निक माझा मुलगा होता. म्हणून मी लिहू नये, माझ्या शेजाऱ्यांनीही लिहू नये. माफी असावी.'

इतकी वर्षं त्या लेखावर भांडताना त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

काकूंना कळायचं ते कळलंच. त्यांनी आरडाओरड केली नाही. त्यांनी काकांशी बोलणं बंद केलं. ताट वाढायच्या, औषध पाण्याच्या ग्लासाजवळ ठेवायच्या, आणि आपल्या खोलीत जायच्या. मला एवढंच म्हणाल्या, "सोताच्या पोराचं नाव खोडलं या माणसानं. सोताच्या हातानं." भाजीचा ठेला यायचा. काका फाटकात यायचे, जुडी उचलायचे आणि काही न विचारता पिशवीत टाकायचे. ठेलेवाल्याने एकदा मला हळूच विचारलं, "बाबूजी के तबियत ठीक हे ना, दीदी?"

असे बरेच दिवस गेले. एका रविवारी दुपारी काकांनी मला बोलावलं. कॉम्प्युटर चालू होता. काकू दाराच्या चौकटीत, आमच्याकडे पाठ करून, तांदूळ निवडत होत्या.

"मॅडम, गोंदवाल्यानं लिहिलं हाय. मी वाचलं. पण माझ्या तोंडून ती ऐकत नाही. तुम्ही वाचा. मराठीत."

मी वाचायला लागले. गोंदवाल्याने आधी उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली होती. तो दवाखान्यात होता. मग लिहिलं होतं:

'मी त्या खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. आता निवृत्त आहे. तुम्ही निकचे वडील आहात हे मला माहीत नव्हतं. त्याची ओळ मीच पहिल्यांदा खोडली होती. नियमाने ती आजही राहू शकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण तुम्हाला सांगायचं आहे, मी त्याला ऐकलंय. आमच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळच्या पाळीला त्याचाच कार्यक्रम लागायचा. तो फार लांब लांब गाणी लावायचा. दुसरा कोणी लावत नसे. आम्ही म्हणायचो, हा पोरगा आपल्यासाठी लावतो. गाणं सुरू झालं की आम्ही पाना खाली ठेवायचो, चहा करायचो, बसून प्यायचो, तरी गाणं चालूच. तो गेला त्यानंतर आमच्या पाळीला तसा चहा कधी मिळाला नाही. तो इथे होता. आम्ही बरेच जण आहोत ज्यांना ते माहीत आहे.'

मी थांबले. काका खाली मान घालून बसले होते. तांदूळ निवडण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

"लांब गाणी?" काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"हो, काकू. असं लिहिलंय."

"त्याले लांब गाणी कुठं आवडत होती? बोर होते म्हणे." त्या वळल्या. मांडीवरचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं. "लांब गाणं लावून तो मले फोन करे."

काकांनी मान वर केली.

"तिकडं संध्याकाळ असे तवा आपल्या इथं दुपार. तुम्ही ड्युटीवर. माझं जेवण झालं का फोन ये. म्हणे, 'आई, मोठं गाणं लावलं हाय, बोल लवकर.' गाणं सपत आलं का म्हणे, 'ठेवतो.' मंग अजून एक लांबडं गाणं लावे, अजून फोन करे."

"रोज?" काकांनी विचारलं.

"पाळी असली का रोज."

"मले काहून नाही सांगितलं कधी?"

"तुम्ही कधी विचारलं?"

इतक्या दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलत होते हे बहुतेक त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. मला तिथून उठायचं होतं, पण काकांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, गोंदवाल्याले लिहाले पायजे नं हे? त्यायचा गैरसमज हाय. त्याईले वाटते, गाणी त्यायच्यासाठी होती."

मी काकूंकडे बघितलं.

"नका लिहू," काकू म्हणाल्या. "दिवसभर खाणीत राबत होते बिचारे. त्याईले वाटते नं, पोट्टा आपल्यासाठी लावत होता. वाटू द्या. त्यायनं चहा तर पेला."

काकांनी स्वतःच कीबोर्ड ओढला आणि दोन बोटांनी, हळूहळू, गोंदवाल्याला एवढंच लिहिलं की तुमचा निरोप त्याच्या आईला वाचून दाखवला, आणि तुमची तब्येत सांभाळा. मला तपासायला सांगितलं नाही.

मी चपला घालत होते. आत काका उठून काकूंच्या समोर जमिनीवर बसले होते. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नाहीत.

"काय बोले तो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुमच्याबद्दलच विचारे."

"माह्याबद्दल?"

"हव. 'बाबा आज कोणावर भडकले?' म्हणे. मी सांगो. तो तिकडं हासे, इतका हासे का गाणं सपून जाये अन् त्याले मालूमच नाही पडे."

"काय सांगे तू?"

काकूंनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "एक असं थोडंच हाय," म्हणाल्या, आणि सांगू लागल्या.